तिखट सोडलेली माणसं

यंदाच्या थंडीत मावसभावाच्या मळ्यात भरीत होतं. अमळनेरच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून जरा आत. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर ती मोठाली हिरवी वांगी काळी पडेस्तोवर भाजलेली, दोन जण बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचतायत आणि ठसका असा की लांब बांधावर उभी असलेली माणसंसुद्धा खोकत होती. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची धार. कळण्याच्या भाकरी, पुऱ्या, मुळा. पंगत बसली, वाढप सुरू झालं, मी पण वाढायला होते. बंटीच्या ताटापाशी आले. बंटी म्हणजे ह्याच मावसभावाचा मुलगा, चोवीस-पंचवीसचा, एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे, दिवसभर मोटरसायकलवर. त्याने ताटावर हात आडवा धरला. "फुई, माले भरीत नको, दही दे फक्त." मी म्हटलं अरे भरताला आलास आणि भरीत नको? तर म्हणे, "आते तिखट चालत नही माले, तोंडमा आग व्हस."

आजूबाजूचे सगळे हसले. कोणी म्हणालं पुण्याची पोरगी बघितली वाटतं, आतापासून सवय करतोय. कोणी म्हणालं ॲसिडिटी असेल, रोज बाहेरचं खातो ना. बंटी पण हसला. मी पुढच्या ताटाकडे गेले पण लक्ष मागेच होतं. तो पुरीचे इवले इवले तुकडे करत होता, लहान पोराला भरवताना आपण करतो तेवढे, आणि एकेक तुकडा ओठांच्या फटीतून आत सरकवत होता. त्याच्या बापाने, काकाने, शेजारी बसलेल्या मित्राने, कोणीच बघितलं नाही ते. बघितलं तरी त्यात बघण्याजोगं काय होतं म्हणा, पोरगं दही-पुरी खातंय एवढंच.

मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारण हे असं ताट मी आधी बघितलंय. मोठ्या मामांचं. मामा म्हणजे खाणारा माणूस. सकाळी भाकरीवर ठेचा आणि कच्चं तेल घेतल्याशिवाय शेताकडे निघायचे नाहीत, आणि मामीने पाट्यावर वाटलेल्या काळ्या मसाल्याचा रस्सा असला की वाटी तोंडाला लावून प्यायचे, कपाळावर घाम, डोळ्यात पाणी आणि वर म्हणायचे आज जरा फिकं झालं. आणि खिशात ती डबी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. त्यांचं तंबाखू मळणं मी लहानपणी तासनतास बघितलंय. डाव्या तळहातावर चिमूट, उजव्या अंगठ्याने चुना रगडायचा, मग दोन थापट्या, भुकटी उडायची आणि आम्हा पोरांना शिंका यायच्या, मग खालचा ओठ ओढून ती गोळी डाव्या गालात, दाढेच्या आणि गालाच्या मधल्या खाचेत. कायम डाव्याच बाजूला. बोलायचे तेव्हा तो गाल थोडा फुगलेला असायचा, आणि आम्हाला मामा म्हटलं की तो फुगलेला गालच आठवायचा. पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून गाठ दाखवली ती बरोबर त्या खाचेतच होती. परदेशात म्हणे तोंडाचा कॅन्सर जिभेचा आणि जिभेखालचा जास्त दिसतो, आपल्याकडे हा गालाचा आणि हिरडीचा, कारण आपण तिथे ठेवतो.

मामांचं तिखट एकदम सुटलं नाही. मामीने एकदा मला कौतुकाने सांगितलं होतं, आते त्यास्नं वेगळं काढनं पडस. म्हणजे भाजीला तिखट टाकायच्या आधी त्यांच्यापुरती वाटी बाजूला. त्यात तक्रार नव्हती, उलट माया होती, चाळीस वर्षं तिखट खाऊ घातलेल्या माणसाचं आता वय झालं, त्याचं जपायला पाहिजे. मग मिरचीची फोडणीच बंद झाली. मग भाकरी दुधात कुस्करून. मग भाकरी पण नको, मऊ खिचडी. दर वेळी घरात कोणीतरी कारण द्यायचं, पित्त, दात, उन्हाळा, वय. आणि दर वेळी मामी गुपचूप स्वयंपाक बदलायची. ह्यात मामीचा काय दोष, प्रत्येक घरात बाई हेच करते. माणसाला जे जात नाही ते ती करत नाही, जे जातं ते करते. पण आजाराच्या प्रत्येक पायरीला ती साक्षीदार होती, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा विचारलं ते मुंबईत. परळला, तिथल्या तरुण डॉक्टरने मामांना विचारलं, कधीपासून त्रास आहे? मामा म्हणाले दोन महिने झाले असतील. पुरुषमाणसं सगळी हेच सांगतात, दोन महिने. मामी मागे पिशवी धरून उभी होती, ती तिथून म्हणाली, "नही साहेब, मांगनी आखाजीपासून." डॉक्टरला आखाजी कळेना, मी सांगितलं अक्षय्य तृतीया. तर मामी सांगायला लागली की आखाजीला पुरणपोळी होती, आंब्याचा रस होता, आणि ह्यांनी तिखट रशी नको म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं, म्हणून माझ्या ध्यानात आहे. डॉक्टरने आधी लिहिलेलं खोडलं आणि वर्ष-सव्वा वर्ष असं काहीतरी लिहिलं.

मला तो कागदावरचा खोडलेला आकडा अजून दिसतो.

मधल्या काळात काय काय झालं ते सांगते, कारण हे फक्त आमच्या घरात होतं असं नाही. गालात आतून एक पांढरट चट्टा होता. मामांना तो जिभेला खरखरीत लागायचा, दुखत नव्हता. मग तिथे कातडं गेल्यागत झालं, त्याला घरात सगळे तोंड आलंय म्हणाले. जाईचा पाला चावून झाला, तूप लावून झालं, मेडिकलवाल्याने बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि एक जेल दिलं. साधं तोंड येतं ते आपल्याला सगळ्यांना माहिती आहे, मीठ लागलं तरी जीव जातो, पण ते आठवड्या-दहा दिवसात, फार तर दोन आठवड्यात जातं. हे गेलं नाही आणि दुखलंही नाही, आणि दुखत नाही म्हणून सगळे निवांत. हे उलटं आहे हो. सुरुवातीला हा आजार बहुतेकदा दुखतच नाही. दोन-तीन आठवड्यांत जी जखम भरून येत नाही ती दाखवायची, दुखो न दुखो, एवढं एक वाक्य आमच्या घरात कोणी त्या पावसाळ्यात म्हटलं असतं तर. मग दाढ हलायला लागली. दाढ हलली म्हणून तालुक्याला एकाकडे जाऊन काढून आले, काढणाऱ्याने बाकीचं तोंड बघितलं की नाही देव जाणे, आणि दाढेचं ते भोक काही भरेना. महिना झाला तरी तिथून रक्त आणि वास. मग जबड्याखाली गाठ लागली हाताला, ती पण न दुखणारी, मामा दाढी करताना सापडली त्यांना. तेव्हा कुठे धावाधाव.

आमच्या भागात एखाद्याला 'टाटाला नेलंय' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. आवाज खाली येतो. आम्ही जळगावहून रात्रीच्या गाडीने गेलो, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, आणि तिथे मी जे ऐकलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. संध्याकाळी सगळे पेशंट आणि त्यांची माणसं बाहेर बसायची. बिहारचे, बंगालचे, विदर्भातले, आणि आपले खान्देशातले तर इतके की आपली बोली ऐकू आली की माणसं सरकून जागा करून द्यायची. नाकात नळी, गालाला पट्टी, कोणी पाटीवर लिहून बोलतंय. आणि प्रत्येकजण सुरुवात सांगायचा. आजाराचं पुढचं सगळ्यांचं सारखंच होतं, सुरुवात मात्र ज्याची त्याची. रावेरकडचे एक केळीवाले काका, त्यांची कवळी बसेनाशी झाली होती, सहा महिने कवळीवाल्याशीच भांडत होते, खाली हिरडी वाढत होती हे कुणाच्या मनात आलं नाही. शहाद्याचे एक मास्तर, त्यांचा कान दुखायचा, कानात थेंब टाकून टाकून कंटाळले, गाठ होती जिभेच्या मागच्या कडेला. एका माणसाचा खालचा ओठ एका बाजूने सुन्न झाला होता, चहा सांडला तरी कळायचा नाही. आणि शिरपूरकडची एक बाई, तिच्या गालात लाल मखमली चट्टा होता, पांढरा नाही लाल, तिला कोणीतरी म्हणालं उष्णता आहे. तांबडा चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो हे तिला परळला येऊन कळलं. त्या सगळ्या गप्पांत एकानेही माझं तोंड दुखायला लागलं म्हणून सुरुवात केली नाही. एकानेही नाही.

मामांचं ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढला, छातीचं मांस फिरवून गालाला लावलं. शेकही दिले, म्हणजे रेडिएशन. वर्षभर बरे होते. मग दुसऱ्या बाजूने. पुढचं मी लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहिती आहे आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना कळू नये.

तर बंटी. त्या दिवशी पंगतीत मी काही बोलले नाही. चारचौघात तरुण पोराला तोंड उघड म्हटलं की तो कायमचा टाळतो आपल्याला. संक्रांतीला त्यांच्या घरी गेले, तो ओट्यावर एकटा होता, मोबाईल बघत. मी त्याला म्हटलं गंमत करू एक, उभी तीन बोटं तोंडात घाल. पहिलं, मधलं आणि त्याच्या शेजारचं, एकावर एक उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये. मी घालून दाखवली. त्याने हसत हसत घातली आणि दोनच गेली. तिसरं जाईना. त्याने परत करून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. मग हसणं बंद झालं. म्हणाला, "फुई, मी तंबाखू नही खात व. शप्पथ. फक्त पानमसाला, सादी सुपारी."

मला हेच ऐकायचं नव्हतं. कारण तो खरं बोलत होता आणि त्याला खरंच वाटत होतं की तो वाचलेला आहे. आपल्याकडे सुपारीला कोण वाईट म्हणणार? लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेला गणपती म्हणून सुपारी मांडतात, पाहुणा जेवून उठला की ताटलीत सुपारी आणि अडकित्ता पुढे येतो, नाही घेतली तर यजमानाला वाईट वाटतं. माझ्या आजीच्या बटव्यात अडकित्ता असायचा आणि तिने कातरलेल्या सुपारीचा पातळ पापुद्रा मिळावा म्हणून आम्ही भांडायचो. तिचा तो कडकड आवाज मला अजून आवडतो, काय करू. पण जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी जी संस्था आहे तिने २००४ च्या अहवालात सुपारीलाच, त्यात तंबाखूचा कणही नसला तरी, माणसाला कॅन्सर करणाऱ्या वस्तूंच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीतल्या अर्काने गालाच्या आतल्या मऊ कातडीखाली तंतू साठत जातात, कातडी पांढुरकी पडते, ताठ होते, आतून दोऱ्या लागतात हाताला. आधी तिखटाने आग होते, मग तोंड कमी उघडायला लागतं, शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ बाहेर पूर्ण येत नाही. आग व्हायला लागलेली असते तेव्हा माणूस तिखट सोडतो, सुपारी सोडत नाही.

आणि पुडीचं तर काय बोलायचं. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्रात गुटखा बंद झाला, मामांना गाठ सापडली तेव्हा बंदी होऊन वर्ष झालं असेल. शेजारी मध्यप्रदेशातही बंदी, गुजरातमध्येही त्याच वर्षी. आणि तरी शिरपूरकडे नाहीतर नवापूरकडे गुटख्याचा ट्रक पकडल्याची बातमी पेपरात येते, आपण वाचतो आणि पान उलटतो. कुठे मसाल्याची वेगळी पुडी आणि तंबाखूची वेगळी पुडी, दोन्ही एकाच टपरीवर टांगलेल्या, पोरं तिथेच फाडून एकत्र करतात. २०१६ पासून तंबाखूच्या पुडीच्या ८५ टक्के भागावर धोक्याचा इशारा असतो, त्यात ते सडलेल्या तोंडाचं चित्र. त्या चित्रातलं तोंड शेवटच्या टप्प्याचं आहे. पोरं ते बघून म्हणतात आपल्याला असं कुठे काय आहे, आणि त्यांचं बरोबरच असतं, त्यांना तसं काही नसतंच. त्यांना असते ती आग, एखादा चट्टा, न जाणारं तिसरं बोट. त्याचं चित्र कुठेच छापत नाहीत. मला विचाराल तर पुडीवर सडलेल्या गालाच्या शेजारी त्या तीन बोटांचं चित्र पाहिजे.

बंटीला मी आणि त्याची आई, आम्ही दोघी जळगावला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. बापाला सांगितलं दाढ किडलीय. डॉक्टर चांगली होती, तरुण मुलगी, तिने आधी त्याला आरशात त्याचं तोंड दाखवलं. गाल आतून गुलाबी असायला पाहिजे ना, तो संगमरवरी पांढरट होता, मागच्या बाजूला तर फारच. तिने पट्टीने मोजलं, २४ मिलिमीटर. मोठ्या माणसाचं साधारण ४० च्या आसपास उघडतं म्हणाली. मग बोटाने गाल चाचपला, जिभेच्या दोन्ही कडा फडक्यात धरून बाहेर ओढून बघितल्या, जिभेखाली, टाळूला, हिरड्या, ओठ उलटून, शेवटी मानेला दोन्ही बाजूंनी. पाच मिनिटं लागली नसतील. गाठ नाही, जखम नाही. पण हा आजार कॅन्सरच्या आधीचा आहे, आणि असं तोंड असलेल्या शंभरातल्या सात-आठ जणांना पुढे वर्षांनी का होईना कॅन्सर झालेला पाहिलाय, म्हणून सुपारी आजपासून बंद आणि दर काही महिन्यांनी दाखवायचं. गेलेलं पूर्ण परत येत नाही हेही तिने स्पष्ट सांगितलं. गालात इंजेक्शनं आहेत, व्यायाम आहे. व्यायाम म्हणजे आईस्क्रीमच्या काड्या. दातांच्या मध्ये काड्यांची चळत धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. मामांना ऑपरेशननंतर हेच करायला लावलं होतं, तशाच काड्या, त्यांची चळत मामी धुऊन उन्हात वाळवायची. बंटीच्या हातात डॉक्टरने काड्या दिल्या तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले.

परतताना बसमध्ये त्याची आई एक शब्द बोलली नाही. धरणगाव गेल्यावर म्हणाली, ताई, गणपतीपासून तो शेवभाजीत दही घालून खातोय, मी पोराला चव बदलली म्हणून रोज दही लावत होते. आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, अगं तूच तर ओळखलंस. तारीख तुलाच माहिती आहे. कोणी विचारलं नाही एवढंच.

आणि ह्याच्यावर मी तेव्हापासून सारखा विचार करतेय. आपण म्हणतो पुरुष तोंड दाखवत नाहीत, डॉक्टरकडे जात नाहीत, आरशात बघत नाहीत. खरंय. पण ताट दाखवतात ना ते, रोज दोन वेळा दाखवतात. आपल्या खान्देशात तर ह्याच्याइतकी सोपी खूण नाही. जिथे मुळात सगळं सपक खातात तिथे कोणी तिखट सोडलं तर कळणार कसं? इथे सहा महिन्यांत ठेचा नको, रस्सा नको, मग घास लहान, मग एकाच बाजूने चावणं, मग जेवायला दुप्पट वेळ, मग पाण्याबरोबर घास ढकलणं, हे वाढणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटूच शकत नाही. सुटत नाहीच. फक्त तिला कोणी सांगितलेलं नसतं की हे सांगायचं असतं. त्याच्या पाठीत दुखलं तर ती शेजारणीला सांगते, पण त्याने मिरची सोडली हे सांगण्यासारखं आहे असं तिला वाटत नाही.

म्हणून मी बंटीच्या आईच्या बचत गटात गेले. मला भाषण येत नाही, मी ती तीन बोटं घालून दाखवली आणि नुसतं विचारलं, तुमच्या घरात कोणी तिखट सोडलंय का? आधी हसल्या. मग एक म्हणाली आमचे हे भाकरी भिजवूनच खातात आताशा. दुसरी म्हणाली सासरे, पण त्यांना दात नाहीत. तिसरी म्हणाली माझा दीर, तो तर कॉलेजात आहे अजून. चौथीने काही सांगितलं नाही पण उठून गेली आणि परत आली तेव्हा म्हणाली, तीन बोटं नाही गेली माझी. तिथे गावातली आशाताई पण होती. तिने सांगितलं की तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा तो फॉर्म भरायचाच असतो सरकारी, त्यात तोंडातल्या जखमेचा, चट्ट्याचा, तोंड उघडायच्या अडचणीचा प्रश्न असतोच, पण घरात गेलं की पुरुष म्हणतात काही नाही, लिही नाही. आता ती म्हणाली मी बायकांना विचारून लिहीन. मला ते फार पटलं. केरळात तिरुवनंतपुरमकडे १९९६ ते २००४ मध्ये असंच काहीसं करून बघितलंय, डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर जाऊन उजेडात नुसती तोंडं बघत होते, ना मशीन ना रक्त, आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने मरणारी माणसं सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. नुसतं बघून. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा एक म्हणाली म्हणजे टॉर्च लागते फक्त? हो, टॉर्च आणि चूळ भरलेलं तोंड. कवळी असेल तर काढायची. पुसून न निघणारा पांढरा डाग, लाल डाग, न भरलेली जखम, गाठ, हे दिसलं की तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात.

एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, तुकडा काढला की पसरतो ना? हे सगळीकडे ऐकलंय मी, चाकू लागला की भडकतो. तुकडा काढून तपासल्याने पसरत नाही. मामांचा काढला तेव्हा आधीच गळ्यात गाठ होती, लोकांनी क्रम उलटा लावला आणि तुकड्याला नाव ठेवलं. तपासल्याशिवाय कुठला डॉक्टर औषध देणार? आणि दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ, गळ्यात न उतरलेली, वेळेवर निघाली तर बहुतेक माणसं आपल्या तोंडाने जेवतात, बोलतात, नातवंडांवर ओरडतात. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत ऑपरेशन, शेक, केमो बसतं, कागदपत्रांची पळापळ आहे पण होतं. आणि सोडायचंच असेल तर तंबाखूच्या पुडीवरच नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे, बंटीने लावलाय. त्याला मधूनमधून अजून तलफ येते हेही तो सांगतो, लपवत नाही, वसुलीला उन्हात फिरताना टपरी दिसली की हात आपोआप खिशाकडे जातो म्हणतो. आता खिशात बडीशेप असते. कधी कधी मला शंका येते, पण मी त्याच्या तोंडाचा वास घेत नाही, त्याच्या काड्या मोजते. त्या वाढतायत हळूहळू.

एक गोष्ट राहिली आणि ती मला जास्त सलते. मामी. जिने आखाजी लक्षात ठेवली. ती पहाटे उठून तव्यावर तंबाखू भाजते, करपेपर्यंत, पूर्ण घरात तो कडवट वास, मग पाट्यावर नाही तर तळहातावर चुरून बारीक करते आणि मशेरी दाताला लावून अंगणात बसते. तिच्या आईनेही लावली, सासूनेही. मामा गेल्यावर आम्ही घरातली डबी फेकली, पानसुपारीचं ताट काढून टाकलं, मशेरीची बाटली मात्र देवळीत तशीच, कारण तिला तंबाखू खाणं म्हणतच नाही कोणी, ते दात घासणं. बाईच्या ताटाकडे तर कोण बघणार, ती शेवटी एकटी जेवते. तिने तिखट सोडलंय की नाही हे मला सांगता येत नाही, कारण ती जेवताना घरातल्या कोणीच तिला बघितलेलं नाही. गेल्या महिन्यात आशाताईला घेऊन मी तिच्याकडे गेले. "मना तोंडमा काय देखस व," म्हणत लाजली, पदर तोंडावर. मग उघडलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे मशेरी लावते तिथे, पांढरी सुरकुतलेली पट्टी आहे. पुसून जात नाही. धुळ्याला दाखवलं, तिथे म्हणाले बंद केलं तर हे बरंचसं जाऊ शकतं, बंद करा आणि दोन महिन्यांनी परत या, तशीच राहिली तर तुकडा घेऊ. मामीने आता दुपारची आणि रात्रीची मशेरी सोडलीय, पहाटेची सोडवत नाही म्हणते, पोट साफ होत नाही तिच्याशिवाय. मी तिच्याशी भांडले. ती पण भांडली. आता पुढच्या तारखेपर्यंत मी तिच्याकडे जेवायला जातेय जमेल तेव्हा, आणि ताट एकत्र वाढून घेते, तिचं माझ्यासमोर.